नर्सिंगचं कर्ज दोन वर्षांत फिटतं? आधी हिशोब मांडू या

बारावीचा निकाल लागला की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. "मुलीला बीएस्सी नर्सिंगला घाला. नोकरी शंभर टक्के, सुरुवातच पन्नास हजारांनी. सहा लाखांचं कर्ज दोन वर्षांत फिटतं, शिकताना व्याजही लागत नाही. मोठ्या नावाचं कॉलेज घ्या. पुढे जर्मनी आहेच. जागा संपत आल्यात, टोकन भरून ठेवा." मी याच पेशातली आहे आणि मुलींनी नर्सिंगला यावं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या मेसेजच्या भरवशावर कुणी कर्जाच्या कागदांवर सही केली की मला काळजी वाटते.

पन्नास हजारांचा आकडा कुणाचा, हे मेसेज सांगत नाही. ससूनसारख्या शासकीय रुग्णालयात कायम पदावरच्या अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होतं. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता धरला की ते साठ हजारांच्या पुढे जातं. एम्समध्ये तर मूळ वेतनच ४४,९०० आहे. पण ही पदं स्पर्धा परीक्षेतून भरतात. जाहिरात निघेपर्यंत, परीक्षा होऊन नेमणूक हातात पडेपर्यंत मुलगी दुसरीकडे काम करत असते, आणि तिथे चित्र वेगळं आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी स्टाफ नर्सला महिना २०,००० मानधन मिळतं. खासगीत नवख्या मुलीला साधारण त्याच्याच आसपास, छोट्या नर्सिंग होममध्ये त्याहून कमी.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने सांगितलं होतं की ५० खाटांहून लहान रुग्णालयातही २०,००० पेक्षा कमी पगार नको, आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयांनी सरकारी नर्सइतका पगार द्यावा. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली आणि शिफारस बरीचशी कागदावरच राहिली. आयसीयूत रात्रपाळी करणाऱ्या मुलींवर हा अन्याय आहे, असं मी ठामपणे म्हणते. पण तो दूर होईपर्यंत हप्ता याच पगारातून जाणार आहे.

आता "व्याज लागत नाही" हे विधान. शैक्षणिक कर्जात अभ्यासक्रम आणि वर वर्षभर हप्ता नसतो, ही सवलत खरी. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर या काळातलं व्याज केंद्राच्या योजनेतून मिळू शकतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, बँकेत वेळेत अर्ज करावा लागतो. आपोआप काही होत नाही.

ज्यांना ही सवलत नाही त्यांचा हिशोब मांडू. फी, होस्टेल, मेस, युनिफॉर्म मिळून वर्षाला दीड लाख, म्हणजे चार वर्षांत सहा लाख उचलले, व्याजदर साडेदहा टक्के धरला. पहिल्या वर्षाच्या रकमेवर पाच वर्षं व्याज चढतं, दुसरीवर चार, तिसरीवर तीन, शेवटचीवर दोन. सरळव्याजानेच हे २,२०,५०० होतं. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर ८,२०,५०० असतात. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता सुमारे ११,०७०. पंधरा वर्षांची घेतली तर सुमारे ९,०७०, पण एकूण परतफेड १३.३ लाखांवरून १६.३ लाखांवर जाते. आणि मेसेज म्हणतो तसं दोन वर्षांत फेडायचं असेल तर महिन्याला ३८,००० भरावे लागतील. पगार वीस हजार!

दहा वर्षांची मुदत घेतली तरी वीस हजारांतून हप्ता गेल्यावर नऊ हजार उरतात. त्यात कॉट बेसिसची खोली, डबा, बसचा पास, आणि घरी पाठवायचे पैसे. हप्ता चार हजारांच्या आत ठेवायचा असेल, तर याच दराने कर्ज दोन लाखांच्या थोडंसंच वर परवडतं. मला विचाराल तर घरात बोलताना सुरुवात या आकड्यापासून करा.

इतक्या कमी कर्जात शिक्षण होणं शक्य आहे का? आहे, आणि "मोठ्या नावाचं कॉलेज" हा सल्ला इथेच सर्वांत जास्त नुकसान करतो. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत, म्हणजे कॅपच्या, फेरीतूनच हवा. खासगी अभिमत (डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यात येत नाहीत, आणि पुण्यातली बरीच नावाजलेली नर्सिंग कॉलेजं नेमकी अभिमत विद्यापीठांची आहेत. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न साध्या कॉलेजातून आलेली मुलगीही महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तीच नोंदणी करते आणि वॉर्डात तेच काम करते. मोठ्या रुग्णालयाचा अनुभव महत्त्वाचा असतो, हे मान्य. तेव्हा क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे शिकताना रुग्णालयातलं प्रत्यक्ष काम, कुठे असतं, हे नक्की विचारा.

पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, बीएस्सी नर्सिंगसाठी नीटच्या गुणांवरून मुलींची निवड होते. शिक्षणाचा खर्च सरकार करतं आणि पुढे सैन्याच्या नर्सिंग सेवेत अधिकारीपद मिळतं. सेवेचा बॉण्ड असतो, जागा मोजक्या. तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तोही कमी लेखू नका. कला शाखेच्या मुलीलाही ते करता येतं, कर्ज वर्षभर कमी लागतं, आणि नंतर दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी होते. फक्त एम्सच्या परीक्षेसाठी जीएनएमवाल्यांना दोन वर्षांचा अनुभव लागतो, हे लक्षात असू द्या.

जर्मनीत पगार चांगला आहे, यात वाद नाही. पण नर्स म्हणून पूर्ण मान्यता मिळायला बी-टू, म्हणजे कामकाज सफाईने करता येईल अशा वरच्या पातळीची जर्मन भाषा लागते, शिवाय पदवीची तपासणी. ब्रिटनला इंग्रजीची परीक्षा आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलच्या परीक्षा. आखातात बहुधा दोन वर्षांचा अनुभव मागतात. तोवर इथला हप्ता सुरू झालेला असतो, आणि रात्रपाळ्या सांभाळून भाषेचा क्लास करायचा असतो. तरीही जरूर जा. फक्त एजंट लाखांत बोलू लागला तर उठून या. नोंदणीकृत एजंटाला कायद्याने ३०,००० रुपये आणि जीएसटी, इतकंच सेवाशुल्क घेता येतं.

राहिलं टोकन, म्हणजे जागा धरून ठेवायला आगाऊ भरायची रक्कम. केंद्रीभूत फेरीतली जागा सीईटीच्या गुणवत्ता यादीने मिळते. टोकन भरून ती कुणालाच राखून ठेवता येत नाही. टोकन घेऊन दिलेली जागा संस्था स्तरावरची किंवा मॅनेजमेंट कोट्यातली असते. तिथे वर सांगितलेली फीमाफी लागू होत नाही, आणि अशा प्रवेशाला कर्ज देताना बँकाही हात आखडता घेतात.