डिझेलच्या टाकीत पेट्रोल पडलं, तर ‘वरून डिझेल भरा’ हा सल्ला ऐकू नका

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज जोरात फिरतोय. ‘डिझेल गाडीत चुकून पेट्रोल भरलं गेलं तर घाबरू नका’ अशी त्याची सुरुवात आहे. पुढचा सल्ला थोडक्यात असा: पेट्रोल हलकं असल्यामुळे वर तरंगतं, त्यामुळे टाकी डिझेलने फुल करून टाका. वरून थोडं टू-टी ऑइल घाला. गाडी चालू झाली म्हणजे काही बिघडलेलं नाही, हळूहळू चालवत गॅरेज गाठा. जुने ट्रकवाले हेच करायचे. नाहीच जमलं तर नळी लावून पेट्रोल काढा. आणि पंपवाल्याशी भांडू नका, त्यातून काही हाती लागत नाही.

यातलं पहिलं वाक्य तेवढं खरं आहे. इंजिन चालू केलेलं नसेल तर घाबरण्याचं खरंच कारण नाही. टाकी रिकामी करणं, गरज पडली तर फिल्टर बदलणं, एवढ्यावर निभावतं आणि खर्च काही हजारांत राहतो. पण त्यापुढचा सल्ला पाळला की हेच काम लाखाच्या घरात जाऊ शकतं. म्हणूनच हा मेसेज मला नुसता चुकीचा वाटत नाही, घातक वाटतो.

तरंगण्याचं आधी बघू. पेट्रोल डिझेलपेक्षा हलकं असतं हे बरोबर. पण हलकं म्हणून तरंगायला दोन द्रव एकमेकांत न मिसळणारे असावे लागतात. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही खनिज तेलातूनच निघतात आणि एकमेकांत पूर्ण विरघळतात. डिझेलची धार वरून पडली, गाडी दोन खड्ड्यांतून गेली की टाकीत एकच मिश्रण तयार होतं. त्यात आता पंपावर मिळणारं पेट्रोल बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉलचं असतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि डिझेलच्या यंत्रणेला पाण्याचं वावडं आहे.

आता ‘टाकी फुल करा’. 50 लिटरची टाकी आणि तिच्यात 10 लिटर पेट्रोल धरा. वरून 40 लिटर डिझेल ओतलं तरी पाचवा हिस्सा पेट्रोलच राहिलं. प्रमाण कमी झालं असं वाटतं, पण हे सगळे 50 लिटर शेवटी इंजिनाच्या त्याच इंधन पंपातून आणि इंधन फवारणाऱ्या त्याच इंजेक्टरमधून जाणार आहेत. शिवाय नंतर टाकी उपसायची वेळ आली की साडेतीन हजारांच्या आसपासचं चांगलं डिझेलही त्याबरोबर गेलं.

खरी मेख इंजिनाच्या या पंपात आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याला नेमकी तीच माहीत नाही. आजच्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, इंधन देणाऱ्या) डिझेल इंजिनात हाय प्रेशर पंप 1,600 ते 2,000 बार, काही इंजिनांत त्याहूनही जास्त दाब तयार करतो. गाडीच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास हवा असते, यावरून अंदाज करा. पंपाचा दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात, तसंच इंजेक्टरच्या सुईभोवती, जागा असते ती काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. इतक्या कमी जागेत इतक्या दाबाखाली घासणाऱ्या या भागांना बाहेरून वंगण मिळत नाही. आतून वाहणारं डिझेल हेच त्यांचं वंगण.

म्हणून डिझेलच्या मानकात वंगणगुणाची अट घातलेली आहे. 60 अंश तापमानाला डिझेलमध्ये पोलादी गोळी पट्टीवर घासतात आणि गोळीवर पडणारा झिजेचा डाग 460 मायक्रॉनपेक्षा मोठा चालत नाही. 1 एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त 10 भाग असतं. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा मूळचा वंगणगुणही कमी होतो, म्हणून त्यात वंगणाची रसायनं मुद्दाम मिसळावी लागतात. आधीच एवढी काळजी घेऊन राखलेल्या इंधनात आपण पेट्रोल ओतलं तर काय होतं? पेट्रोल वंगण देत नाही, उलट असलेला थर धुऊन काढतं, आणि गरम पंपात त्याची चटकन वाफ होते. धातूवर धातू घासायला लागतो. त्याचा बारीक चुरा सुटतो, तो रेलमधून इंजेक्टरमध्ये जातो आणि रिटर्न लाइनने परत टाकीत येतो. मग एक पंप बदलून भागत नाही. पंप, रेल, इंजेक्टर, लाइन, टाकीची सफाई, सगळं करावं लागतं. एखाद्या कुटुंबाचं वर्षभराचं बजेट कोलमडवणारा हा खर्च आहे.

हे लक्षात घेतलं की ‘गाडी चालू झाली म्हणजे ठीक’ हा मुद्दा आपोआप गळून पडतो. पंपावरून निघताना फिल्टरमध्ये आणि लाइनमध्ये आधीचं डिझेलच असतं. त्यावर गाडी सुरू होते, थोडं अंतर झोकात जाते. मग ओढ कमी होते, इंजिन ठोकायला लागतं, पांढरा धूर येतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपणहून पेटायला हवं. त्यासाठी आपल्याकडच्या डिझेलचा सीटेन आकडा, म्हणजे आपणहून पेटण्याच्या गुणाचं माप, किमान 51 असतो. पेट्रोल तर आपणहून पेटू नये अशाच बेताने बनवलेलं असतं. धूर दिसेपर्यंत झीज सुरू झालेली असते. हळू चालवल्याने दाब काहीसा कमी राहील, पण पेट्रोलला वंगणगुण येणार नाही.

टू-टी ऑइलने तो येईल असं मेसेज म्हणतो. ते तेल दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिनासाठी आहे. त्याने थोडा ओशटपणा येईलही, पण पेट्रोलची वाफ होणं थांबत नाही आणि सीटेन वाढत नाही. वर त्यातल्या धातुयुक्त घटकांची राख बीएस-6 गाडीच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते. काजळी तिथे जळून जाते, राख जात नाही.

ट्रकवाल्यांचा दाखला मात्र समजून घ्यावा असा आहे, कारण त्यात खऱ्याचा अंश आहे. जुन्या ट्रकमधल्या इनलाइन पंपाला इंजिन ऑइलचं वंगण मिळायचं आणि दाबही आजच्या मानाने फारच कमी असायचा. त्या यंत्रणेने पुष्कळ हाल सोसले. युरोपातल्या काही जुन्या डिझेल गाड्यांच्या पुस्तिकांत तर कडाक्याच्या थंडीत डिझेल घट्ट होऊ नये म्हणून थोडं पेट्रोल मिसळायची मुभा होती. ती मुभा त्या इंजिनांबरोबर संपली. आज लडाखच्या हिवाळ्यासाठीसुद्धा पेट्रोल मिसळत नाहीत. इंडियन ऑइलने 2019 मध्ये तिथे उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास हिवाळी डिझेल आणलं.

नळीने पेट्रोल काढण्याबद्दल मी कळकळीने सांगतो, करू नका. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणून पेट्रोलमिश्रित डिझेल हे आगीच्या बाबतीत पेट्रोलच समजायचं. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. तोंडाने नळी ओढताना घोटभर जरी फुप्फुसात गेलं तरी रासायनिक न्यूमोनिया होतो. मागच्या सीटवर लहान मुलं असू शकतात याचा विचार न करता हा प्रयोग करायला सांगणाऱ्या मेसेजचा मला मनापासून राग येतो.

मग करायचं काय? इग्निशन ऑन करायचं नाही. बटण स्टार्ट गाडीत ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबूनही इग्निशन ऑन होतं, आणि बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानेच टाकीतला पंप चालू होऊन पेट्रोल पुढे ढकललं जातं. गाडी ढकलून बाजूला घ्या, ट्रेलर मागवा, गॅरेजमध्ये टाकी उपसून घ्या. रस्त्यात चालत्या गाडीत लक्षात आलं तर सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करा, गॅरेज दोनच किलोमीटरवर असलं तरी. विम्याच्या कागदांत रस्त्यावरच्या मदतीचं कलम आहे का बघा. काही पॉलिसींत चुकीच्या इंधनासाठी टोइंग आणि टाकी उपसणं मिळतं, पण पंप-इंजेक्टरचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही.

आणि पंपवाल्याशी बोलून उपयोग नाही, हेही खोटं. तुम्ही स्पष्ट ‘डिझेल’ सांगितलं आणि कर्मचाऱ्याने पेट्रोल भरलं, तर ती ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतली त्रुटी ठरू शकते. आवाज चढवायची गरज नाही, पुरावा लागतो. इंधनाचं नाव छापलेलं बिल घ्या, डिस्पेन्सरचा आणि नोझलचा फोटो काढा, सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा असं मॅनेजरला लेखी द्या, गॅरेजकडून लेखी अहवाल मागा. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून 2 वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असं नाही.