शिफारशीचा आहेर

ज्या माणसाला गेम आणि वेबमालिकांतले काहीच कळत नाही, त्याला एखादी गोष्ट सुचवणे अत्यंत सोपे असते. तो मान डोलावतो, "बघू की सवडीनं" म्हणतो आणि दोघेही समाधानाने आपापल्या घरी जातात. खरा प्रसंग ओढवतो तो दर्दी माणसाशी गाठ पडल्यावर. दर्दी माणसाला सवड नसते आणि स्वतःची मते मात्र भरपूर असतात. शिवाय आपण तोंड उघडण्याआधीच त्याने आपल्याला काहीतरी सुचवायला घेतलेले असते, त्यामुळे आपली शिफारस पुढे रेटण्यासाठी आधी त्याची ऐकून घेण्याचा दंड भरावा लागतो.

लातुरात असे दर्दी फार नाहीत. जे आहेत ते गंजगोलाईजवळच्या एका चहाच्या टपरीवर संध्याकाळी सापडतात. गोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात आणि आमच्या आवडीनिवडी पाहता आमच्यातला प्रत्येक जण निराळ्या रस्त्याने तिथे पोहोचला असावा, अशी शंका येते. एक जण शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे वयाने लहान असूनही आम्ही त्याला सर म्हणतो. दुसरा सेतू केंद्र चालवतो. तिसऱ्याची औशाकडे शेती आहे. मी स्वतः पतसंस्थेत हिशेब लिहितो. बड्या कंपन्यांच्या पैशाशिवाय एकट्यादुकट्याने किंवा मूठभर माणसांनी बनवलेले, ज्यांना इंडी म्हणतात, ते गेम हा आम्हा चौघांना जोडणारा एकमेव धागा आहे आणि आमच्या बहुतेक भांडणांचे मूळही तेच आहे.

आमच्याकडे लग्नकार्यात टॉवेल-टोपीचा आहेर करतात. ती टोपी कोणी घालत नाही, त्या टॉवेलने कोणी अंग पुसत नाही. घडी न मोडता ती जोडी पुढच्या कार्यात पुढच्या पाहुण्याच्या हातावर ठेवली जाते आणि एखाद्या वर्षी फिरतफिरत मूळ मालकाकडे परत येते. शिफारशीचा प्रवास याहून वेगळा नाही. मॅडलिन नावाची मुलगी एक अवघड डोंगर चढते, पडते, मरते आणि पुन्हा चढते, असा २०१८ साली आलेला 'सेलेस्ट' नावाचा गेम मी सरांना सुचवला होता. सरांनी तो न खेळता सेतूवाल्याला सुचवला. सेतूवाल्याने काही महिन्यांनी, डोळ्यांत खरीखुरी चमक आणून, तो मलाच सुचवला. "तुला कसा वाटला?" असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मी कुठं खेळलाव अजून, पण लै भारी हाय म्हणं."

म्हणून मी अलीकडे माणूस पाहून शिफारस करण्याचे धोरण स्वीकारले. ज्याचा जो धंदा, त्याला त्या धंद्याचा गेम. हे धोरण कागदावर निर्दोष आहे.

'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून अधिक काळ खपून बनवला. चित्रे त्याची, संगीत त्याचे आणि संगणकाची सगळी आज्ञावलीही त्याचीच. तो बाजारात आला २०१६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे ज्या उन्हाळ्यात आम्हा लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणून पाजावे लागले, त्याच्या तोंडावर. त्या गेममध्ये तळ्यापाशी झारी बुडवली की भरते, तळे काही आटत नाही. एवढी एक गोष्ट सांगितली तरी औसेकर मित्र हरखून जाईल, असा माझा हिशेब होता.

"म्हंजे दिवसभर शेतात मरायचं आन् रात्री घरी येऊन झारीनं पाणी घालायचं?" त्याने बशीत चहा ओतत विचारले.

मी त्याला विक्रीची पद्धत समजावून सांगितली. माल तोडावा, घरासमोरच्या पेटीत टाकावा आणि झोपावे; सकाळी उठेपर्यंत पैसे जमा झालेले असतात. त्याची बशी ओठांपाशी थांबली.

"आडत?"

"नाही."

"हमाली, तोलाई?"

"नाही."

"ओल हाय म्हणून कडता?"

"तोही नाही. भाव ठरलेला असतो."

"मग ह्यो शेतीचा गेम कसा काय?" असे म्हणून त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. परंतु त्या रात्री त्याने तो विकत घेतला, हे मला त्याच्या बायकोकडून कळले.

पुढचे काही दिवस तो टपरीवर आला तो वहीच घेऊन. गेममध्ये सुरुवातीला पार्सनिप नावाचे, पांढऱ्या गाजरासारखे दिसणारे एक कंद पेरायला मिळते. त्याचे बी २० मोहरांना येते, पीक चार दिवसांत निघते आणि ३५ मोहरांना जाते. त्याने खत, मजुरी आणि बैलबारदाना शून्य धरून नफ्याचे गणित मांडले होते आणि ते गणित तो सोयाबीनच्या गणिताशेजारी ठेवून फार वेळ पाहत बसे. गेममधल्या घरात दूरदर्शन संच असतो, त्यावर उद्याचे हवामान सांगतात आणि दुसऱ्या दिवशी तेच हवामान पडते. या प्रकाराचा त्याला धक्का बसला. "पाऊस येणार म्हणला, आन् खरंच आला राव," हे वाक्य तो एखाद्या चमत्काराचा साक्षीदार असावा तसे उच्चारत असे.

माझी शिफारस फळाला आली, असे मी मानून चाललो होतो. तेवढ्यात एका रात्री बारा वाजून गेल्यावर त्याचा फोन आला. त्या गेमचा प्रत्येक ऋतू बरोबर २८ दिवसांचा असतो आणि ऋतू उलटला की मागच्या ऋतूचे उभे पीक एका रात्रीत वाळून जाते. त्याचे अख्खे फुलकोबीचे वावर गेले होते. "पंचनाम्याला कोण येतंय यात?" तो विचारत होता. "बहात्तर तासांच्या आत कळवायचं असतंय, तर कळवायचं कुठं?" पीकविम्याची सोय गेममध्ये नाही, असे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता होती. आता तो त्या गेममध्ये फक्त नदीवर मासे धरत बसतो आणि वावर बटईने लावता येते का, याची माझ्याकडे चौकशी करतो. दूरदर्शनवरचे हवामान मात्र तो रोज न चुकता पाहतो, म्हणे मनाला बरे वाटते.

सेतूवाल्यासाठी मी 'पेपर्स, प्लीज' हा गेम राखून ठेवला होता. ल्युकस पोप याने २०१३ साली बनवलेल्या या गेममध्ये आपण आर्स्टोट्झका नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर बसतो, पारपत्रे तपासतो, तारखा जुळवतो आणि हिरवा किंवा लाल शिक्का मारतो. नियम रोज बदलतात, चूक झाली की ताकीद येते, ताकिदी संपल्या की पगारातून दंड कापला जातो आणि घरी बायकापोरे गारठत असतात. इंडी गेमचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला ज्याच्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा हा गेम आहे, आणि जन्म-मृत्यूचे दाखले, उत्पन्नाचे दाखले व नॉन-क्रीमीलेअर यांत ज्याचे आयुष्य चालले आहे, त्याच्या काळजाला तो हात घालील, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती. त्याने तो दोन तास खेळला आणि अभिप्राय दिला की गेम चांगला आहे पण खोटा आहे, कारण दोन तासांत सर्व्हर एकदाही डाऊन झाला नाही.

या गृहस्थाची मुख्य अडचण निराळीच होती. 'हॉलो नाईट' या गेमवर त्याची निष्ठा. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात टीम चेरी नावाच्या इनमिन तीन-चार माणसांनी तो २०१७ साली बनवला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत त्याच्या 'सिल्कसाँग' या पुढच्या गेमची घोषणा केली. त्या घोषणेपासून सेतूवाल्याने इतर सर्व शिफारशी प्रलंबित ठेवल्या. काहीही सुचवले की तो म्हणे, "आधी सिल्कसाँग येऊ दे." टाळेबंदी आली आणि गेली, त्याचे लग्न झाले, त्याच्या मुलीचे जावळ झाले, आणि तो गेम आला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. साडेसहा वर्षांच्या तपश्चर्येनंतर हा मनुष्य आता जगाला दिसणार नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. तो तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी टपरीवर हजर. लै अवघड हाय म्हणाला. बनवणाऱ्यांकडून गेमची दुरुस्ती, म्हणजे पॅच, येईपर्यंत त्याने सिल्कसाँगही प्रलंबित ठेवला होता.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली आणलेला 'राजी' हा गेम मी टपरीवर अभिमानाने पुढे केला, कारण त्यात दुर्गा आहे, राजस्थानी महालांसारखी दृश्ये आहेत आणि मुख्य म्हणजे तो आपल्या राज्यात बनलेला आहे. "पुण्यात बनलाय म्हंजे कामाला आपलीच पोरं असणार," एवढ्यावर ती शिफारस निकालात निघाली. 'डिस्को एलिझियम' या गेममध्ये सुमारे १० लाख शब्द आहेत. हे मी स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका पुतण्याला कौतुकाने सांगितले, तर तो म्हणाला, "काका, तेवढं वाचायचं असंल तर राज्यघटनाच आणखी वाचतो की, तिचे मार्क तरी पडतेत."

सरांचे प्रकरण मात्र मला विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण शिफारस करणाऱ्याच्या यातनांचा तो कळस आहे. 'आऊटर वाइल्ड्स' हा २०१९ चा गेम भौतिकशास्त्राच्या माणसासाठीच घडवला असावा. त्यात एक छोटी सूर्यमाला आहे, प्रत्येक ग्रहाचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण आहे आणि यान चालवायचे तर गतीचे नियम पाळावे लागतात. त्यात तलवार नाही, गुण नाहीत, अंगात चढत जाणारी ताकद नाही. खेळणाऱ्याला मिळत जाते ते फक्त ज्ञान. म्हणूनच तो आयुष्यात एकदाच खऱ्या अर्थाने खेळता येतो, आणि म्हणूनच त्याच्याविषयी कोणाला काहीही सांगायचे नसते. आता ज्याच्याविषयी काहीही सांगायचे नाही, त्याची शिफारस कशी करावी?

"विषय काय आहे?" सरांनी विचारले.

"अवकाश."

"पुढे?"

"पुढचे सांगता येत नाही, सर."

"तुम्ही खेळला आहात ना?"

"संपवला आहे."

"मग तुम्हाला काय आवडलं?"

"तेही सांगता येत नाही. सांगितलं की तुमचं नुकसान होईल."

सर अकरावी-बारावीच्या पोरांना शिकवतात. ज्या गावाच्या नावाने शिक्षणाचा पॅटर्न ओळखला जातो, त्या गावातल्या शिक्षकाला धड्याचे वजन किती, त्यातून किती प्रश्न येतात आणि आदल्या रात्री काय वाचले म्हणजे भागते, हे कळल्याशिवाय धडा हाती घेण्याची सवय नसते. त्यांनी मला महत्त्वाचे मुद्दे तरी सांगा म्हणून बजावले. मी घामाघूम झालो. माझ्या तोंडाशी एक वाक्य आले होते, अवघ्या पाच शब्दांचे, ते ऐकताच सर चहा टाकून घरी पळाले असते. पण ते उच्चारले असते, तर घरी जाऊन खेळण्यासारखे फारसे उरलेही नसते. मी ते वाक्य गिळले. सरांनी सेतूवाल्याकडे पाहिले आणि हलक्या आवाजात, "यांच्या घरी सगळं ठीक आहे ना?" असे विचारले.

मालिकांच्या बाबतीत अडचण उलटी असते. तिथे फार सांगावे लागते. "पहिले चार भाग जरा सोस, मग पकड घेते," हे वाक्य ज्याने कधी उच्चारले नाही, तो दर्दी नव्हेच. या वाक्याची एक जोड-शिक्षा आहे, ती म्हणजे पाठपुरावा. शिफारस केल्यावर रोज "कुठवर आलास?" असे विचारण्याचा हक्क आपल्याला आपोआप मिळतो आणि समोरच्याला रोज नवे कारण शोधावे लागते. लाइट गेली होती, डेटा संपला होता, पाहुणे आले होते, असे म्हणून लोक मला टपरीच्या दुसऱ्या बाजूने टाळू लागले.

'डार्क' ही जर्मन मालिका मी याच पद्धतीने औसेकराच्या गळ्यात मारली होती. २०१७ ते २०२० या काळात आलेले तिचे तीन पर्व, २६ भाग, विंडेन नावाचे एक गाव, त्यातली चार घराणी आणि दर ३३ वर्षांनी होणारी कालप्रवासाची उलथापालथ, हे सारे नात्यांचा तक्ता हाताशी असल्याशिवाय कोणालाही झेपत नाही. म्हणून एका रविवारी घरी बसून मी त्याच्यासाठी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ती वंशावळ काढत होतो. अर्थात शेवटचा, कळीचा धागा मुद्दाम मोकळा सोडून. कामानिमित्त आलेल्या सेतूवाल्याने ती पाहिली आणि एकच माणूस दोन ठिकाणी दिसत असल्याने या वंशावळीवर तलाठी सही करणार नाही, असा निर्वाळा दिला.

तेवढ्यात निलंग्याहून डोळे दाखवायला आलेली मावशी चष्मा पुसत शेजारी येऊन बसली.

"ह्ये कुणाच्यातलं लगीन जुळवायलास बाळा?"

"लग्न नाही मावशी, मालिका आहे."

तिने पत्रिका हातात घेतली. एका नावावर बोट ठेवले, दुसऱ्यावर ठेवले, वरून खाली आली. मामाच्या मुलीशी सोयरीक, एकाच घरात दिलेल्या दोन बहिणी आणि सुनेची नणंद तीच जावयाची आत्या, हे सगळे तोंडपाठ असलेल्या बाईने, जे कळायला मला एक पूर्ण पर्व आणि दोन डोकेदुखीच्या गोळ्या लागल्या होत्या, ते मिनिटभरात बोटाने दाखवून दिले. "मग ह्यो ह्याचा बाप लागतोय की," ती म्हणाली. मी मोकळा सोडलेला धागा तो हाच. सेतूवालाही तीच मालिका बघत होता आणि चार भाग सोसून पाचव्यावर होता. त्याने दोन्ही कान हातांनी झाकले, पण उशीर झाला होता.

"एवढंच असतंय व्हय त्यात?" मावशीने पत्रिका परत दिली. "त्यापेक्षा तू माझी मालिका बघ. रोज साडेसातला असती. पयले चारशे भाग जरा सोस, पुढं लै पकड घेती."

मावशी निलंग्याला परतली आहे आणि रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी नेमाने फोन करून मी कुठवर आलो, असे विचारते. लाइट गेल्याचे कारण तिला चालत नाही, कारण ती शेजारच्या काकूंना विचारून खात्री करून घेते. सध्या माझे पाहुण्यांवर भागते आहे.