‘165 हर्ट्झ सांगून 60 चा मॉनिटर गळ्यात मारला’ : तुमच्या तक्रारीला आमचं उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या दुकानाच्या रिव्ह्यूत एक तारा देऊन तुम्ही लिहिलंय की 27 इंची, 2560 बाय 1440 पिक्सेलचा, 165 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 165 वेळा चित्र बदलणारा) म्हणून आमच्याकडून घेतलेला मॉनिटर लॅपटॉपवर 60 च्या वर जात नाही आणि घरच्या डेस्कटॉपवर 144 ला थांबतो. तक्रार घेऊन कोथरूडहून पुण्याच्या तापकीर गल्लीत आमच्या दुकानात आलात, तर काउंटरवरून 950 रुपयांची एचडीएमआय केबल मिळाली आणि तिने काहीच फरक पडला नाही. केबलबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. लॅपटॉप मॉनिटरला कशातून जोडलाय, हे आम्ही आधी विचारायला हवं होतं. ते न विचारता केबल विकली, ही चूक आमची. पाकीट फोडलेलं असलं तरी तिचे पूर्ण पैसे परत मिळतील.

मॉनिटर मात्र 165 चाच आहे, आणि तो 60 चा नाही हे तुमच्याच मजकुरावरून कळतं. आपल्याला काय झेपतं याची यादी मॉनिटर स्वतः संगणकाला पाठवतो. 60 च्या मॉनिटरच्या यादीत 144 येत नाही. तुमच्या डेस्कटॉपवर तो आकडा आला.

लॅपटॉपवर अडतंय ते हबमध्ये, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीत. तुम्ही टाकलेल्या फोटोत टाइप-सी पोर्टला लावलेल्या हबवर एचडीएमआयशेजारी ‘4के 30 हर्ट्झ’ छापलेलं स्पष्ट दिसतं. टाइप-सी पोर्टात वेगवान डेटाच्या चार लेन, म्हणजे वाटा, असतात. यूएसबी 3 चे पोर्ट देणारे असे हब सहसा त्यातल्या दोन स्वतःकडे ठेवतात आणि चित्रासाठी दोनच उरतात. शिवाय आतली एचडीएमआय बनवणारी चिप एचडीएमआयच्या जुन्या 1.4 आवृत्तीच्या ताकदीची असते, म्हणजे प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला जेमतेम 8.16 गिगाबिट. आता हिशेब बघा. 2560 गुणिले 1440 म्हणजे 36,86,400 पिक्सेल, प्रत्येकाला 24 बिट. 60 हर्ट्झला 5.3 गिगाबिट लागतात, ते बसतात. 144 ला 12.7 आणि 165 ला 14.6 लागतात, आणि दोन चित्रांमधल्या रिकाम्या वेळेचा भार त्यावर वेगळा. हबच्या पुढे आम्ही दिलेली केबल 48 गिगाबिटची असली तरी आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

उपाय म्हणजे टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट (एचडीएमआयसारखीच चित्राची दुसरी जोडणी) अशी एकच सरळ केबल, 2 मीटरपर्यंतची, मध्ये हब नको. अशा केबलला चारही लेन चित्रासाठी मिळतात आणि डिस्प्लेपोर्ट 1.2 धरलं तरी 17.28 गिगाबिट हाताशी येतात. 165 त्यात बसतं. हब चालवायला तुम्हाला वेगळं सॉफ्टवेअर टाकावं लागलं नसेल, तर तुमचा टाइप-सी पोर्ट चित्र देतो हे नक्की. सगळे टाइप-सी पोर्ट देत नाहीत, म्हणून हे सांगतोय. फोटोत शेजारचा दुसरा टाइप-सी पोर्ट मोकळा दिसतो, तेव्हा माउस आणि पेनड्राइव्हसाठी हब तिकडे लावा. चित्राची केबल मात्र सध्या हब आहे त्याच पोर्टात जाऊ द्या, कारण दुसरा पोर्ट चित्र देतोच असं नाही.

डेस्कटॉपचं 144 वेगळ्या कारणाने आहे. तिथे तुम्ही एचडीएमआय लावलीय, आणि मॉनिटरचे एचडीएमआय पोर्ट 2.0 चे आहेत. त्यात चित्रासाठी 14.4 गिगाबिटच मिळतात, 165 ला नुसत्या पिक्सेलचेच 14.6 होतात. खोक्यात थर्माकोलखाली डिस्प्लेपोर्टची केबल आहे, ती ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात लावा. मदरबोर्डच्या पोर्टात नको, तिथे लावली तर कार्ड बाजूलाच राहतं.

मग मॉनिटरच्या मागचं बटण दाबून मेनू उघडा. डिस्प्लेपोर्टची आवृत्ती 1.1 वर असेल तर 1.2 करा, आणि ‘ओव्हरक्लॉक’ (पडदा नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवायची सोय) चालू करा. या मॉडेलमध्ये ते बंद असेल तर यादीत 165 येतच नाही. हे आम्ही विकतानाच करून द्यायला हवं होतं.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. वरच्या खिडकीत आधी बाहेरचा मॉनिटर निवडा. बरेच जण इथे चुकून लॅपटॉपच्याच पडद्याचा आकडा बदलत बसतात. मग रिफ्रेश रेटमध्ये 165 निवडा. केबल बदलली तरी विंडोज अनेकदा आपणहून 60 वरच राहतं. दोन्ही पडद्यांवर एकच चित्र ठेवलं असेल तर ‘डुप्लिकेट’ काढून ‘एक्सटेंड’ करा, नाहीतर लॅपटॉपचा 60 मॉनिटरलाही खाली ओढू शकतो. डेस्कटॉपला एनव्हिडिया कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये रिझोल्यूशनच्या दोन याद्या असतात, वर टीव्हीच्या आणि खाली ‘पीसी’ लिहिलेली. 165 खालच्या यादीत शोधा. रंग 8 बिटवर ठेवा, म्हणजे तीन मूळ रंगांचे मिळून वरच्या हिशेबातले 24. 10 बिट केले तर गरज 18.2 गिगाबिटवर जाते आणि डिस्प्लेपोर्ट 1.2 वर ती बसत नाही.

165 लावल्यावर पडदा मधूनच सेकंदभर काळा होत असेल, तर 144 वर आणून बघा. काळं होणं थांबलं तर बहुतेक केबल कमी पडतेय. डेस्कटॉपसाठी बाहेरून स्वस्त डिस्प्लेपोर्ट केबल घेणार असाल तर एक जपा. काही केबलमध्ये 20 नंबरची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, खरं तर ती जोडायची नसते. तिच्यामुळे मॉनिटरचा 3.3 व्होल्ट उलटा ग्राफिक्स कार्डात जातो आणि संगणक सुरू होताना अडखळतो.

एक मत स्पष्ट सांगतो, विक्रीला मारक असलं तरी. 60 ला एक चित्र पडद्यावर 16.7 मिलिसेकंद राहतं, 144 ला 6.9 आणि 165 ला 6.1. पहिली उडी माउस हलवताक्षणी कळते. दुसरी बहुतेकांना कळणार नाही. म्हणून डेस्कटॉपवर खोक्यातली केबल लांबीला पुरली नाही, तर नवीन घेऊ नका, 144 वर निवांत राहा. खर्च करायचाच तर लॅपटॉपच्या टाइप-सी केबलवर करा. ती आमच्याकडूनच घ्या असंही नाही, पण घेण्याआधी इथे येऊन आमची लावून बघा. 165 दिसलं तरच पैसे द्या.

गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, हेही तुम्ही लिहिलंय आणि ते खरंच आहे. वनाजहून मेट्रोने जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला गाडी बदलून मंडई स्टेशनला उतरलात, की तिथून चालत येता येतं. मॉनिटर उचलून आणू नका, त्याच मॉडेलचा एक काउंटरवर लावून ठेवतो. लॅपटॉप, त्याचा चार्जर, हब आणि आम्ही दिलेली ती केबल एवढं घेऊन या. बिल सापडलं नाही तरी चालेल, तुमच्या मोबाइल नंबरवरून आम्ही काढतो.