'सडेतोड' यांच्या कॉमेंटला उत्तर: हूव्हरचा मका आणि जेन अॅडम्स

सडेतोडराव, कॉमेंट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की शिकागोची समाजसेविका आणि शांततावादी जेन अॅडम्स आणि तिच्या गोतावळ्यातले अमेरिकन समाजसुधारक म्हणजे क्रांती म्हटली की टाळ्या पिटणारे भाबडे लोक, बोल्शेविकांच्या, म्हणजे लेनिनच्या कम्युनिस्टांच्या, तुरुंगांबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, आणि १९२१च्या रशियन दुष्काळातली अमेरिकन मदत म्हणजे त्या मदतसंस्थेचा प्रमुख हर्बर्ट हूव्हर (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तोच) याने उरलेला मका खपवायला काढलेली शक्कल. आणि मी माझ्या लेखात या सगळ्यांना देव्हाऱ्यात नेऊन बसवलं.

मक्याचं आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने २ कोटी डॉलर मंजूर केले तेव्हा तिकडे मक्याचे भाव कोसळलेले होते, आपल्या शेतकऱ्याचा माल उचलला जाईल हे लोक उघड उघड बोलत होते. बरं मग? पुढच्या ऑगस्टमध्ये हूव्हरच्या संस्थेकडून रोज १ कोटीहून जास्त माणसं जेवत होती. देणाऱ्याचं मन साफ नव्हतं म्हणून दुष्काळातल्या व्होल्गा नदीकाठच्या पोरांनी ताट परत करायचं होतं का? हूव्हरच्या संस्थेच्या मुलांसाठीच्या किचनमधला एक नियम माझ्या डोक्यातून जात नाही. पोराने तिथेच बसून खायचं, घरी काही न्यायचं नाही. म्हणजे घरी आई उपाशी, धाकट्याला जेवणाचं कार्ड मिळालेलं नाही, आणि हा इथे एकटा पाव आणि कोको संपवतोय. निर्दयच आहे, पण घरी गेलेला घास पाच तोंडांत वाटला गेला तर त्यातलं एकही वाचणार नाही असा तो हिशोब होता. आणि हूव्हर स्वतः कट्टर बोल्शेविकविरोधी बरं का, मदतीची बोलणी सुरू करतानाच त्याने सोव्हिएत कैदेतले अमेरिकन आधी सोडा म्हणून अट घातली.

(मक्यावरून आठवलं, १८९२ मध्ये रशियाला 'लिओ' जहाजातून पीठ पाठवणाऱ्या 'ख्रिश्चन हेराल्ड' या अमेरिकन साप्ताहिकानेच १९००च्या दुष्काळात 'क्विटो' जहाज भरून मका मुंबईला पाठवला होता.)

आता भाबडेपणा. तुम्ही सगळ्यांना एकाच माळेचे मणी केलंत, तिथे माझं तुमच्याशी जमत नाही. रशियन क्रांतिकारक कॅथरिन ब्रेश्कोव्स्कायाचंच बघा. झारच्या तुरुंगात आणि सायबेरियात वीसेक वर्षं काढलेली ही म्हातारी १९०४-०५ मध्ये अमेरिकेत आली तेव्हा लिलियन वॉल्ड, अॅलिस स्टोन ब्लॅकवेल वगैरे अॅडम्सच्या वर्तुळातल्या समाजसुधारक मंडळींनी तिला डोक्यावर घेतलं, सगळे तिला बाबुश्का म्हणजे आजी म्हणायचे. तीच आजी १९१९ मध्ये परत आली, पण आता बोल्शेविकांविरुद्ध बोलायला, अगदी सिनेटच्या कमिटीसमोरसुद्धा. जुन्या मित्रमंडळींची पंचाईत झाली. आजीला खोटं कसं म्हणायचं, आणि तिचं ऐकायचं तर रशियाची नाकेबंदी करणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसायचं? इथे लोक फुटले. टाळ्या पिटणाऱ्यांना असली अडचण येत नाही.

अॅडम्सने आपल्यापुरता एक धागा घट्ट धरला, तो भाकरीचा. सप्टेंबर १९२१ मध्ये दुष्काळमदतीसाठी धडपडणारा नॉर्वेचा फ्रिट्यॉफ नान्सेन राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्समध्ये) उभा राहून रशियासाठी कर्ज मागत होता आणि सरकारं त्याला वाटेला लावत होती, त्यावर तिने दुसऱ्याच वर्षी लिहिलं की राष्ट्रसंघाने चालून आलेली संधी घालवली. यात लेनिनची आरती कुठे दिसली तुम्हाला? गंमत म्हणजे डाव्या चळवळींची चौकशी करणाऱ्या न्यूयॉर्क विधिमंडळाच्या लस्क कमिटीच्या १९२०च्या रिपोर्टानेही तिला धोकादायक लोकांत बसवलं होतं, म्हणजे तुमचा आरोप १०० वर्षं जुना आहे.

आणि अवाक्षर? अराजकतावादी एमा गोल्डमनला अमेरिकेने डिसेंबर १९१९ मध्ये बोटीत घालून रशियात हाकललं, १९२१ मध्ये क्रॉनश्टाटच्या नौदल तळावर बंड केलेल्या खलाशांची बोल्शेविकांनी कत्तल केल्यावर ती तिथूनही बाहेर पडली आणि बोल्शेविकांवर सणसणीत लिहिलं. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकन रॉजर बाल्डविनने १९२५ मध्ये सोव्हिएत तुरुंगांतल्या कैद्यांची पत्रं छापून आणायला हातभार लावला. हाच बाल्डविन सोव्हिएत रशियावरच्या १९२८च्या पुस्तकात बराच मऊ झालाय, त्याला झोडा की, मी आडवा येणार नाही.

खरा अडचणीचा मुद्दा तर तुमच्याकडून सुटलाच. मदत चालू असतानाच १९२२च्या शरदात सोव्हिएत सरकारने धान्य बाहेर विकायची तयारी केली, देणगीदार भडकले, आणि १९२३च्या उन्हाळ्यात हूव्हरने गाशा गुंडाळला. तेव्हा गावात लोक अजून उपाशी होते. त्यावर लिहा, वाद घालायला मी आहेच.