सूर्य बिघडलेला नाही, मुंबईनं हे 1872 सालीच पाहिलंय

मे 2024 मध्ये लडाखच्या हान्लेहून तांबडं आकाश दिसलं, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: भारतात ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, याआधी कधी दिसलाच नव्हता; दुर्बिणीच्या आधीच्या नोंदी निव्वळ भाकडकथा; तेव्हा सूर्य बिघडलाय, हे नक्की.

‘कधी दिसलाच नव्हता’ हे साफ खोटं. 4 फेब्रुवारी 1872 ला, रविवारी संध्याकाळनंतर तो मुंबईत दिसल्याची बातमी तेव्हाच्या वृत्तपत्रात आहे. हान्ले 32 अंश उत्तरेला, मुंबई 19 वर, म्हणजे ध्रुवापासून आणखी लांब. बातमीदाराला लांबच्या आगीचा उजेड दिसला असेल म्हणावं, तर अरोरा ज्यातून येतो ते वादळ, म्हणजे सूर्यामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वात उठणारी खळबळ, मुंबईच्याच कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदींतही उमटलंय.

आता भाकडकथा. फेब्रुवारी 1204 मध्ये क्योटोचा दरबारी कवी फुजिवारा नो तेइका रोजनिशीत लिहितो, की उत्तरेकडे तांबडी वाफ उठली, तिच्यात पांढरे नि तांबडे पट्टे होते आणि ते पाहून धडकी भरली. भौतिकशास्त्र त्याच्या गावीही नव्हतं, पण वर्णन चपखल बसतं. ऑक्सिजनचा लाल प्रकाश 200 किलोमीटरच्याही वर तयार होतो, म्हणून दक्षिणेकडून बघणाऱ्याला क्षितिजावर तेवढाच दिसतो. त्याच दिवसांत चिनी दरबारी इतिहासात सूर्यावर मोठा डाग दिसल्याची नोंद आहे, तीही नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली. असे डाग म्हणजे सूर्याचा जोर वाढल्याची खूण.

एकटीदुकटी नोंद फसवी असते, हे मात्र मान्य. चंद्राभोवतीचं खळंही अरोरा म्हणून नोंदलं गेलंय. म्हणून अभ्यासक आधी त्या रात्रीची तिथी काढतात, म्हणजे चंद्र किती होता ते कळतं, मग दुसऱ्या देशातली नोंद आणि झाडांच्या वर्तुळांतला कार्बन-14 (सूर्याच्या जोरानुसार कमी-जास्त होणारा कार्बनचा प्रकार) ताडून पाहतात. शिवाय 1204 च्या सुमारास पृथ्वीचा चुंबकीय अक्ष जपानच्या बाजूला कललेला होता, म्हणजे तिथे अरोरा दिसणं आजच्यापेक्षा सोपं होतं, त्यामुळे तिथल्या नोंदींची संख्या आजच्याशी थेट लावता येत नाही. इतकी पारख भाकडकथांची कोण करतं?

नोंद नसणंही बोलकं असतं. 1645 ते 1715 या काळात सूर्यावर डाग फारच कमी होते. खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलीसारखा आयुष्यभर आकाश न्याहाळणारा माणूस, पण त्याला पहिला अरोरा दिसला 1716 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी! सूर्याचे अभ्यासक जॉन एडी यांनी 1976 मध्ये या मंद काळाची बाजू मांडली, तेव्हा डागांबरोबर अरोऱ्याच्या याद्याही पुराव्याला घेतल्या होत्या.

राहिला ‘बिघडलेला’ सूर्य. साधारण 11 वर्षांनी त्याचा जोर वाढतो, आणि 2024 हे तशाच चढत्या जोराचं वर्ष होतं. मार्च 1989 चं वादळ तर मे 2024 च्या वादळापेक्षा मोठं होतं. त्यात कॅनडाच्या क्वेबेकची वीज सुमारे नऊ तास गेली होती.