घरातल्या बाईचं हार्टचं ऑपरेशन लांबवण्याचे खात्रीशीर उपाय

आई, बायको, वहिनी, आत्ती, घरातल्या कुठल्याही बाईला जिना चढताना दम लागायला लागला तर अजिबात घाबरू नका. नीट काळजी घेतली तर तिला ऑपरेशन टेबलापासून भरपूर दिवस लांब ठेवता येतं. आमच्या आत्तीवर हा प्रयोग नुकताच झालाय, त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही.

पहिलं म्हणजे निदान घरीच करा. बायकांच्याही छातीत दुखतंच, पण त्याच्या जोडीनं पाठ, जबडा दुखणं, मळमळ, घाम, नुसता थकवा असं बरंच काही असतं. यातलं सोयीचं तेवढं उचला आणि ‘पित्त’ म्हणा. आत्तीला रंकाळ्यावर चालताना पाठीत कळ आली, तर निकाल लागला की सकाळच्या मिसळीचा कट बाधला. ओवा दिला. पुढच्या वेळी ओवा आणि लिंबू दिलं.

फारच झालं तर डॉक्टरकडं न्या, पण बोलायचं काम नवऱ्याकडं द्या. आमच्या डॉक्टरांनी आत्तीला बघितलं, मामांना विचारलं, “टेन्शन घेतात का?” मामा म्हणाले, “लई.” मग डॉक्टर म्हणाले, पाळी गेल्यावर बायकांना असं होतंच. अहो, पाळी गेल्यावरच तर हृदयविकाराचा धोका वाढतो! ईसीजी काढायला किती वेळ लागतो? बर्नाडीन हीली या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी 1991 सालीच लिहून ठेवलंय की आपला आजार पुरुषासारखाच आहे हे दाखवून दिल्याशिवाय बाईला पुरुषासारखे उपचार मिळत नाहीत. पण ते अमेरिकेतलं. आपल्याकडं टेन्शनची गोळी मिळते.

कागदपत्रं आयत्या वेळीच शोधा. रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं.

आता मुख्य उपाय. अँजिओग्राफी झाली, बायपास सांगितली, की भाऊबंदांची बैठक बोलवा. बैठकीत पेशंटला बसवायचं कारण नाही, ती आत चहा करत असते. मग एकेकानं बोलावं. ऊस जाऊ दे. बिल जमा होऊ दे. नवरात्र होऊ दे. धाकट्याचं लग्न तोंडावर आलंय, तेवढं पार पडू दे. “एवढं वय झाल्यावर कशाला चिरफाड?” हे म्हणणारा माणूस आत्तीपेक्षा मोठा होता आणि त्याच्या स्वतःच्या काळजात दोन स्टेंट आहेत. त्याला रात्री कळ आली होती, पहाटे स्टेंट बसला होता. तेव्हा कुणी उसाचं विचारलं नव्हतं, कुणी पंचांग उघडलं नव्हतं. चार गाड्या निघाल्या होत्या दवाखान्याकडं. पैशाचं म्हणाल, तर मी सांगितलं की महात्मा फुले योजनेत बायपास बसते, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे, दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला विचारा. सगळे गप्प. आता काय कारण काढतात, मी बघत होते. तर म्हणे, “ती ॲडमिट झाल्यावर हितं स्वयंपाकाचं कोण बघणार?” म्हणजे इतके दिवस चर्चा आत्तीच्या काळजाची नव्हतीच, ती आमटीची चालली होती!

मुलगी असेल तर याहून सोपं. शाळेत आलेल्या तपासणी पथकाला हृदयात छिद्र सापडलं, ऑपरेशन फुकट होणार असलं, तरी म्हणायचं की छातीवर व्रण राहील, उद्या स्थळं कशी येणार? दिल्लीच्या एम्समधला अभ्यास 2011 साली छापून आला. ऑपरेशन सांगितलेल्या मुलांपैकी वर्षभरात 70 टक्के मुलग्यांचं झालं, मुलींपैकी 44 टक्क्यांचं. बाकीच्या पोरींच्या छातीवर व्रण उठला नाही. छिद्र तसंच.

ऑपरेशन चुकून झालंच, तर भेटायला जावा आणि “चहा नको हं” म्हणत बसून राहा.

छातीचं मधलं हाड कापलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात, वजन उचलायचं नसतं. पण कुकर म्हणजे काय वजन आहे का? भरलेली घागर? आत्तीच्या जाऊबाईंनी तर कणीक मळणं हा व्यायाम ठरवला.

पुढं काही बिघडलं तर दोष शरीराला द्या. आकडे आहेतच. अमेरिकेत 2011 ते 2020 मध्ये झालेल्या सुमारे 13 लाख बायपासची नोंद बघितली तर दगावण्याचं प्रमाण बायकांत 2.8 टक्के आणि पुरुषांत 1.7 टक्के. बायकांच्या रक्तवाहिन्या बारीक असतात, खरं आहे. पण त्या टेबलावर येतात तेव्हा वय जास्त झालेलं असतं, साखर वाढलेली असते, आजार पुढं गेलेला असतो. बायपास करताना छातीच्या आतली धमनी जोडली तर ती वर्षानुवर्षं टिकते, तीसुद्धा बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा जोडली जाते. यातलं बारीक रक्तवाहिन्यांमुळं किती आणि आपल्यामुळं किती?

आत्तीचं ऑपरेशन झालं. हृदयाचं पंपिंग कमी झालंय ते झालंच. सर्जन म्हणाले, आधी आणायला पाहिजे होतं. आणि बाहेर येऊन मामा काय म्हणाले? “तीच नको म्हणत होती.”

नको म्हणत होती! नको म्हणणार नाही तर काय करेल? सगळं घर तिच्याकडं असं बघतंय की ऑपरेशन म्हणजे हिनं काढलेली माहेरची सुट्टी. तुम्हाला दुखलं तर तुम्हाला कुणी विचारतं का, हवंय का नको? सरळ गाडीत घालतात. मग तिला विचारताना एवढी लोकशाही कुठून आली? तुमच्याही घरात एक आहे, भांडी घासता घासता मध्येच थांबून श्वास घेणारी. तुम्ही बघितलंय, उगाच नाही म्हणू नका. भाकरी थापता येत नसतील तर खानावळीतनं डबा लावा, आणि उद्या सकाळी तिला ईसीजीला घेऊन जावा. ती नको म्हणाली तरी.