अपवादांच्या मागे धावताना

महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राला बुद्धी किती लागते ते मला सांगता येणार नाही, पण दम लागतो, एवढे मी शपथेवर सांगेन. डाल्टनने १८०८ मध्ये मांडलेला अविभाज्य अणू वहीत गोल काढून पुरा होतो न होतो, तोच टॉमसनने १८९७ मध्ये शोधलेले इलेक्ट्रॉन त्यात येऊन बसतात, त्यांना जागा करून द्यावी, तर १९११ मध्ये रदरफोर्ड अणूचा बहुतेक भाग पोकळच असल्याचे जाहीर करतो, आणि बोरने १९१३ मध्ये आखून दिलेल्या सुबक कक्षा कंपासने काढून मी मान वर करते, तेव्हा सर त्याच कक्षा फळ्यावरून पुसत म्हणत असतात, “अर्थात, हे आता कोणी मानत नाही.” ज्या गोष्टीवर जगातल्या थोर डोक्यांनी शंभराहून अधिक वर्षे घालवली, ती एका तासात शिकायची आणि त्याच तासात विसरायचीही, असा हा दुहेरी अभ्यासक्रम आहे.

बरे, जे मानायचे आहे तेही फार वेळ मानू देत नाहीत. इलेक्ट्रॉन अणूतल्या ४एस नावाच्या कप्प्यात आधी भरतात आणि मग ३डी नावाच्या कप्प्यात, हा नियम मी मोठ्या निष्ठेने पाठ केला. पोटॅशियम, कॅल्शियम, स्कँडियम, टायटॅनियम, व्हॅनेडियम अशी गाडी छान चालली असताना चोविसाव्या क्रमांकाचे क्रोमियम आडवे आले, कारण ते ४एस मधला एक इलेक्ट्रॉन उचलून ३डी मध्ये ठेवते. तांबे तेच करते. त्यातून सावरावे, तर लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन गमावून आयन होताना आधी बाहेर पडतात ते ४एस मधलेच इलेक्ट्रॉन. म्हणजे रांगेत आधी येऊन जागा धरणाऱ्यालाच आधी बाहेर काढायचे. यावर कोणी “का?” असे विचारले की सर प्रसन्नपणे हसतात आणि म्हणतात, “ते तिसऱ्या वर्षी.” या विषयातली सगळी कारणे तिसऱ्या वर्षी राहतात.

वायूंच्या प्रकरणात तर ज्या आदर्श वायूसाठी एवढी समीकरणे सोडवायची, तो जगात कुठेच सापडत नाही, हे शेवटच्या परिच्छेदात कळते. त्याचा एक मोल, म्हणजे कणांचा एक ठरावीक मोठा गठ्ठा, प्रमाण तापमानाला आणि दाबाला २२.४ लिटर जागा व्यापतो, हे आमच्या घरातल्या मागच्या पिढीलाही पाठ आहे. मात्र १९८२ मध्ये प्रमाण दाबाची व्याख्या बदलल्यापासून तो आकडा २२.७ झाला आहे. एका पुस्तकात जुना, दुसऱ्यात नवा, आणि परीक्षकाच्या मनात कोणता, हे कळायला उत्तरपत्रिका परत यावी लागते. मोलमधल्या कणांचा आकडा, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात, २०१९ पासून व्याख्येनेच कायमचा ठरवला गेला आहे. या सगळ्या गोंधळात एवढी एक गोष्ट तरी आता हलणार नाही, म्हणून मला तिच्याविषयी जिव्हाळा वाटतो. ज्याच्या नावाने हा आकडा ओळखला जातो त्या अ‍ॅव्होगाड्रोला तो शेवटपर्यंत ठाऊक नव्हता. तो १८५६ मध्ये वारला आणि त्याचे नाव या आकड्याला फ्रेंच शास्त्रज्ञ पेराँने १९०९ मध्ये दिले. आकडा माहीत नसताना एवढी कीर्ती मिळते, मग मला गुण का मिळू नयेत, हा प्रश्न मी अजून कोणाला विचारलेला नाही.

प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक वर्गाशी सल्लामसलत न करता ठरत असल्यामुळे आम्ल आणि अल्कली यांची गाठ मला प्रयोगशाळेत आधी पडली आणि फळ्यावर नंतर. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटी असलेल्या आखीव काचनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्कली, खाली शंकूपात्रात आम्ल आणि त्यात अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, अशी मांडणी करून एका हाताने तोटी आणि दुसऱ्या हाताने पात्र फिरवायचे. थेंब पडला की गुलाबी वलय उमटते आणि पात्र हलवताच नाहीसे होते. पुढचे वलय जरा रेंगाळते. मग अर्धा थेंब तोटीच्या टोकाशी लोंबकळत ठेवून तो काचेला टेकवायचा आणि पाण्याने आत ढकलायचा. रंग इतका फिका हवा, की पांढऱ्या फरशीवर ठेवल्याशिवाय तो आहे की नाही याची खात्री पटू नये. जास्वंदी रंग म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून.

तो हवा तसा फिका गुलाबी रंग एकदा आला. मी डोळे द्रवाच्या पातळीला आणून वक्राच्या तळाशी आकडा वाचला, लिहिला, आणि दाखवण्यासाठी सरांना बोलावले. ते पलीकडच्या टेबलावरून सावकाश येईपर्यंत पात्रातले द्रावण पाण्यासारखे स्वच्छ झाले होते.

“अंतिम बिंदू कुठे आहे?”

“आत्ता होता, सर.”

“हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळला असणार,” ते म्हणाले, “पण ते प्रकरण आपले पुढच्या सत्रात आहे.”